घरघर

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही व्हॉल्व्हकाकांच्या (व्हॉल्व्हचे अँप्लिफायर बांधतात, दुरुस्त करतात ते) सांगण्यावरून घेतली. ते म्हणाले, "चष्मेवाले, कानावर विश्वास ठेवू नका. कान खुशमस्कऱ्या असतो. नवी वस्तू घरात आली की चार दिवस तिची तोंडभर स्तुती करतो. रोज ऐका, रोज लिहा, महिन्याने सगळं वाचा आणि मग ठरवा."

मला पटलं. मी चौतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात उभा आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर भिंग बदलत विचारतो, "हे बरं की आधीचं?" निम्मे लोक केवळ मला बरं वाटावं म्हणून "हे" म्हणतात. चष्मा घेऊन जातात आणि आठ दिवसांनी डोकं धरून परत येतात.

रेकॉर्ड ऐकायचा जुना अँप्लिफायर गेल्या महिन्यात जळाला. आता घ्यायचा तो व्हॉल्व्हचाच. काचेचे दिवे पेटतात तो. आवाज कसा भरलेला, गोल येतो. पण माझी पहिली अट आवाजाची नाही, भरवशाची आहे. मी चोपन्नचा. हा शेवटचा. मी असेपर्यंत चालला पाहिजे.

काका म्हणतात, भरवसा वजनात असतो. आत ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर अँप जड असतो. "उचलताना कंबर बोलली पाहिजे." दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह कुठेही मिळणारे हवेत. आणि अँप व्हॉल्व्हला पिळून काढणारा नको. "बैलाच्या ताकदीच्या निम्मंच ओझं लादा, मग बैल तुम्हाला पुरून उरतो."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "घरात माणूस आणायचं वय गेलं. आता डबे आण."

६ फेब्रुवारी, गुरुवार

काकांच्या ओळखीतून एक छोटा अँप आठवडाभरासाठी आणला. दोन्ही बाजूंना एकेकच मोठा व्हॉल्व्ह. दुकानातून साडेसहाला आलो, सातला मावशी गेल्या (आईला सांभाळतात त्या), आणि सव्वासातला बसलो.

बाईचा आवाज असा आला की ती श्वास कुठे घेते तेही कळलं. पण मागे घरघर आहे. बारीक, सलग. गाणं चालू असताना लपते आणि दोन ओळींच्या मधे डोकं वर काढते. एकदा ऐकू आली की मग तीच ऐकू येते. परत करणार.

जागेचीही नोंद करून ठेवतो. बाहेरच्या खोलीत मधल्या भिंतीला लागून दोन स्पीकर, समोर माझी खुर्ची. भिंतीपलीकडे आईची खोली. तिचं फुप्फुस दोन वर्षांपूर्वीच थकलं. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालू असतं, नळी नाकात. हाक मारायचा दम नाही म्हणून उशाशी काठी ठेवली आहे, काही लागलं की ती भिंतीवर वाजवते. लाईट गेल्यावर असावा म्हणून कोपऱ्यात सिलिंडर. मशीनचा आवाज मला येत नाही. म्हणजे येत असेल, पण दोन वर्षांत कान मेला.

९ फेब्रुवारी, रविवार

मोठ्या शोरूममधला अँप. समोरची पट्टी आरशासारखी. विकणारा मुलगा म्हणाला, "सर, लोक नुसतं बघायला घेतात हो." ते खरंच निघालं. उजवीकडचा एक व्हॉल्व्ह वीस मिनिटांत आतून लालबुंद झाला, लोहाराच्या भट्टीसारखा. बंद केला. आणि घरघर होतीच, आधीपेक्षा जास्त.

आत गेलो तशी आईने विचारलं, "परत गेला का हाही?" हसली, हसताना खोकला आला, खोकला थांबेना. पाणी दिलं. घोट घेऊन म्हणाली, "तुला काहीच पसंत पडत नाही. मुलीसुद्धा पडल्या नाहीत."

हे खोटं आहे. एक पसंत पडली होती. आईला ती सावळी वाटली. आणि त्याच्याही आधी, सोळाव्या वर्षी, मी व्हायोलिन शिकत होतो. दोन वर्षं झाली होती. बाबा गेल्यावर आईने व्हायोलिन शिक्षकांना नेऊन दिलं आणि वीस वर्षांचा झाल्यावर मला चष्म्याच्या दुकानात उभं केलं. मधली चार वर्षं मी काय करत होतो मला आठवत नाही. धाकटी बहीण शिकली, परदेशात गेली. चांगलंच झालं. माझ्या मनात काही नाही. इथे फक्त नोंद केली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काकांनी शेवटी स्वतःच्या हाताने बांधलेला अँप दिला. बावीस किलो. जिना चढताना कंबर बोलली. समोर फक्त एक बटण, कुठे नाव नाही. चार मोठे व्हॉल्व्ह, सावकाश पेटतात.

घरघर.

मला राग आवरला नाही. फोन करून म्हणालो, "काका, तुमचाही घरघरतो." ते म्हणाले, "पन्नास वर्षांत माझं एकही यंत्र घरघरलेलं नाही." मी म्हणालो, "मग हे पहिलं समजा." आता लिहिताना वाटतं, तसं बोलायला नको होतं. पण भिंग चुकलं तर गिऱ्हाईक मला सोडतं का?

१५ फेब्रुवारी, शनिवार

काका सकाळीच आले. पिशवीत मीटर, तारांना डाग द्यायचं यंत्र आणि स्वतःचा कप. दुसऱ्याच्या कपात चहा पीत नाहीत. तासभर तारा बदलल्या, स्पीकर हलवले, घराचा एकेक दिवा बंद करून बघितला. घरघर हलेना. तेवढ्यात आत मावशींनी आईला आंघोळीला नेलं. आंघोळीपुरतं मशीन बंद करतात, डॉक्टरांची परवानगी आहे, पंधरा-वीस मिनिटं.

खटकन सगळं थांबलं.

असं शांत मी या घरात दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. काकांनी बोट वर केलं. मी रेकॉर्ड लावली. काय सांगू! भिंत उठून गेल्यासारखी वाटली. वाजवणारा चार हातांवर बसलेला. मला रडू आलं, काका खिडकीबाहेर बघत राहिले.

मग म्हणाले, "मशीनची मोटर आणि आपला अँप एकाच लाइनवर आहेत. विजेच्या मीटरपासून वेगळी तार ओढून घ्या, अर्थिंग वेगळं करा. दोन दिवसांचं काम. मी माणूस देतो."

जाताना चप्पल घालता घालता पुन्हा वळले. "चष्मेवाले, तार बदला. मशीनला हात लावू नका."

त्यांना असं का वाटलं कोण जाणे. मी काही बोललोही नव्हतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

खूप विचार केला. तार ओढायची म्हणजे मीटरपासून बाहेरच्या खोलीपर्यंत भिंत फोडावी लागणार. दोन दिवस सिमेंटची धूळ. आईच्या छातीला धूळ अजिबात चालत नाही. आपल्या शौकासाठी आजारी माणसाला धुळीत ठेवणं मला पटत नाही. आईलाही विचारलं. म्हणाली, "फोडाफोडी नको बाबा."

आणि वेगळी तार आली तरी भिंतीतून येणारी मशीनची घरघर कुठे थांबणार आहे?

आज आईला तासभर सिलिंडरवर ठेवलं. सिलिंडरला आवाज नाही. सुंठीवाचून खोकला गेला. आईने काठीने भिंत वाजवली, गेलो तर म्हणाली, "दार उघडं ठेव. मलाही ऐकू दे." रेकॉर्डच्या दोन बाजू ऐकल्या. नंतर आत गेलो तेव्हा डोळे मिटून होती. "तुझ्या बाबांचा रेडिओ असा वाजायचा," म्हणाली. बाबांबद्दल ती किती वर्षांनी बोलली.

तिच्या बोटाला लावायचा चिमटा आहे, रक्तात प्राणवायू किती ते आकड्यात दाखवतो. त्र्याण्णव. डॉक्टर म्हणतात नव्वदच्या खाली जायला नको. अजून ऐसपैस जागा आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सिलिंडर संपला. भरून देणाऱ्याचा नंबर मावशींकडे आहे. सोमवारी सांगेन.

आज एकच बाजू, वीस मिनिटं, मशीन बंद ठेवून. आंघोळीला चालतं तर याला का चालू नये? दार लावून घेतलं, कारण दार उघडं असलं की आईचा श्वास ऐकू येतो आणि आवाजाचा तोल बिघडतो.

अँप : खालचे सूर भरीव, ओढाताण नाही. आई : नव्वद.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अँपचा खरा कस दोन्ही बाजू सलग ऐकल्याशिवाय लागत नाही. व्हॉल्व्ह तापायलाच अर्धा तास जातो. पहिल्या वीस मिनिटांवरून मत बनवणं म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाचा नंबर काढणं. म्हणून आज चाळीस मिनिटं.

तापल्यावर आवाज उलगडतो. काकांनी काय हाताने बांधलंय! पन्नास वर्षं एकाच कामात घालवलेला माणूस वेगळाच. आपण पण घालवली चौतीस, पण ती दुसऱ्याने ठरवलेल्या कामात.

आई : सत्त्याऐंशी. गाढ झोपली होती. संगीताने तिला झोप लागते हा नवाच फायदा. मशीन लावल्यावर अर्ध्या तासात एक्क्याण्णव झाला. म्हणजे भरून निघतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी मावशींनी दारातच अडवलं. "भाऊ, रात्री मशीन बंद पडतं का? आजींचे ओठ सकाळी निळसर असतात. डोकं दुखतं म्हणतात. काल मला 'मामी' म्हणून हाक मारली."

मी म्हणालो, "ऐंशी वर्षांच्या माणसाला होतं असं."

"पण गेल्या आठवड्यापर्यंत नव्हतं होत. आणि सिलिंडर हलका लागतोय. भरायला सांगू का?"

"मी सांगितलंय," मी म्हणालो. सांगितलं नव्हतं, पण सांगणारच होतो. मग मी त्यांना स्पष्ट शब्दांत समज दिली, की तुमचं काम सकाळी नऊ ते सात. त्यानंतर घरात काय होतं ते बघायला मी आहे. जमत नसेल तर दुसरीकडे बघा. बाई खाली मान घालून आत गेली. कधीकधी बोलावं लागतं. डोक्यावर बसतात नाहीतर.

संध्याकाळी मशीनचं बटण बंद करायला गेलो तेव्हा आईने मनगट धरलं. पकडीत काही जोर नव्हता. "आज नको रे."

"एकच बाजू," मी म्हणालो.

तिने हात सोडला. "लहानपणीसुद्धा तू असाच. हट्ट नाही, रडणं नाही. ते व्हायोलिन नेलं तेव्हा बोलला असतास तर मी ठेवलं असतं."

मी सोळा वर्षांचा होतो. बोलायचं मी?

दोन्ही बाजू ऐकल्या. पण आज लक्ष लागलं नाही, त्यामुळे नोंद ग्राह्य धरत नाही. आई : चौऱ्याऐंशी. चिमट्याची बॅटरी उतरली असावी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीचा फोन. तिकडे बर्फ पडतोय. "दादा, सिलिंडर भरलेला आहे ना? लाईट जाते तुमच्याकडे."

"आहे," मी म्हणालो. उद्या भरून घेणारच आहे, म्हणजे भरल्यासारखाच.

"आईचा आवाज खोल गेलाय."

"थंडी."

"तू आहेस म्हणून मी इकडे निश्चिंत आहे," ती म्हणाली. चौतीस वर्षं हेच वाक्य. त्यात बसून ती तिकडे गेली.

१ मार्च, शनिवार

अँपमध्ये दोष सापडला. इतके दिवस निर्दोष वाटत होता म्हणून जास्तच वाईट वाटलं.

दुसऱ्या बाजूच्या मध्यावर टक टक असा आवाज. तीन-चार वेळा, मग थांबून पुन्हा. काकांना फोन केला. ते म्हणाले, "एखाद्या व्हॉल्व्हचं आतलं काही सैल झालं तर तो असा वाजतो. पेन्सिलीने एकेकावर हलकेच टिचकी मारा, स्पीकरमधून टण्ण आलं तर तो दोषी. नाहीतर डावीउजवीकडचे आपसात बदलून बघा, आवाज बाजू बदलतो का ते कळेल." मग विचारलं, "तार ओढून घेतली का?"

"घेतली," म्हणालो. वाद नको होता.

"मग आई कशा आहेत?"

"झोपल्यात."

आई : ब्याऐंशी. नवीन बॅटरी घातली होती.

२ मार्च, रविवार

पेन्सिल लावून बघितली. चौघेही साफ. तरी डावीउजवीकडचे बदलले.

टक टक पुन्हा. पण बाजू बदललेली नाही. नीट कान देऊन ऐकलं. आवाज डाव्या स्पीकरमधून येत नाही, उजव्यातूनही नाही. बरोबर मधोमध, थोडा मागे, जमिनीपासून दोनेक फुटांवर. अँप आवाजाची जागा इतकी अचूक दाखवतो की दोषाचीसुद्धा जागा कळते.

मधे एकदा उठून बघावंसं वाटलं. पण बाजू अर्ध्यात तोडली की तुलना होत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण तापल्यावर आवाज थांबला आपोआप.

३ मार्च, सोमवार

मावशींनी विचारलं, "आजींच्या पलंगाशेजारी भिंतीवर खुणा कसल्या? पोपडे निघालेत."

"ओल आली असेल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काठी उचलून कोपऱ्यात ठेवायला लागल्या, तशी आईने हाताने खूण करून ती परत मागून घेतली. छातीवर आडवी धरून पडून राहिली.

४ मार्च, मंगळवार

महिना झाला. काकांनी सांगितल्याप्रमाणे वही पहिल्यापासून वाचली. अँपच्या सगळ्या नोंदी वाचल्या. आज शेवटची चाचणी करायची ठरवलं. दोन पूर्ण रेकॉर्ड, चार बाजू, मधे न उठता. दुकानातून तासभर लवकर निघालो. मावशींना लवकर घरी जायला सांगितलं. त्या जाईनात. "आजींना आज बरं नाही, थांबते मी." मी त्यांची पिशवी दारात नेऊन ठेवली.

मशीन बंद करताना आई जागी होती. मी म्हणालो, "आज शेवटचं. उद्यापासून निर्णय झाला की रोज अर्धाच तास." ती माझ्याकडे बघत होती. नजर स्वच्छ होती. या वयात इतका कमी मोतिबिंदू असलेली नजर मी क्वचित बघितली आहे.

पहिली बाजू : उत्तम. बारकावे सगळे. खालच्या सुरांना पोट आहे.

दुसरी बाजू : टक टक आलं, सलग पाच-सहा वेळा, नेहमीपेक्षा जोरात. मग धपकन काहीतरी पडल्यासारखं. ते रेकॉर्डमध्येच असावं, जुन्या ध्वनिमुद्रणात बाहेरचे आवाज येतात.

तिसरी बाजू : दोष पूर्ण गेला. सलग बावीस मिनिटं एकही टकटक नाही.

चौथी बाजू : याहून चांगलं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. गाणं संपल्यावर सुई शेवटच्या रेषेत फिरत राहिली तरी मी उठलो नाही. घरात कणभर आवाज नव्हता. कान दुखावेत अशी शांतता.

निर्णय : काकांचा अँप घ्यायचा. भरवशाचा आहे. एक तास अठ्ठावीस मिनिटं न कुरकुरता चालला.

आता आत जाऊन मशीन लावतो.

५ मार्च, बुधवार

आई गेली.

काठी जमिनीवर पडली होती.

डॉक्टर आले. जुनं फुप्फुसाचं दुखणं, वय, अपेक्षितच होतं म्हणाले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोन वर्षं काढलीत, हेच खूप. तुम्ही केलंत म्हणून." मशीन तेव्हा चालू होतं. त्यांना बोलावण्याआधी मी लावलं होतं. का लावलं ते माहीत नाही, लावायचंच होतं म्हणून लावलं.

९ मार्च, रविवार

मावशी सामान न्यायला आल्या. डबा, कंगवा, एक स्वेटर. पलंगाकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "खूप केलंत तुम्ही." त्यांनी हात जोडले नाहीत, डोळे पुसले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी त्या दिवशी जायला नको होतं." आणि गेल्या. स्वतःला दोष देतात बिचाऱ्या.

११ मार्च, मंगळवार

काका भेटायला आले. आज कप आणला नव्हता. खुर्चीत न बसता मधल्या भिंतीजवळ गेले, आत डोकावले, मीटरच्या पेटीशी गेले, परत आले.

"नवी तार कुठंय?"

मी मीटरच्या पेटीकडे बघितलं.

"आई गेल्या त्या दिवशी तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

"किती वेळ?"

मला वाटलं त्यांना अँपबद्दल ऐकायचं असेल. वही काढून दिली. ते उभ्यानेच वाचू लागले. अँपच्या नोंदी वाचून कधी खूश होतील म्हणून मी तोंडाकडे बघत होतो. त्यांनी सगळी पानं वाचली, दोन पानं दोनदा वाचली. वही टेबलावर ठेवली ती पालथी.

मग अँपची वायर काढली. मी म्हणालो, "काका, मी घेतोय तो. ठरलंय माझं." सकाळपासून चालू होता, व्हॉल्व्ह तापलेले होते. म्हणालो, "हात भाजतील." त्यांनी तसाच छातीशी धरून उचलला. बहात्तर वर्षांचा माणूस, बावीस किलो. जिन्यात दोनदा टेकले. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "लावू नका." आणि खाली गेल्यावर, वर न बघता, "माझं नाव कुणाला सांगू नका. मी तुम्हाला काही दिलं होतं हे सांगू नका."

अपमान झाला. पण म्हातारा माणूस, मनाला लावून घेतलं नाही. दोष अँपमध्ये नव्हताच हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

१५ मार्च, शनिवार

धाकटी काल आली. विमानं चुकली, बर्फ, म्हणून उशीर. आल्या आल्या आईच्या पलंगावर आडवी झाली आणि उशीत तोंड घालून पडली. आज दुपारी उठली, मी सूप केलं होतं, दोघं स्वयंपाकघरात बसलो.

मी वाट बघत होतो की ती सिलिंडरचं विचारेल. उत्तर तयार होतं.

ती म्हणाली, "दादा, मला सगळं माहीत आहे."

चमचा खाली ठेवला मी.

"आई मला रोज दुपारी फोन करायची. मावशी लावून द्यायच्या. म्हणायची, संध्याकाळी तुझा दादा मशीन बंद करतो आणि माझ्याजवळ येऊन बसतो. मशीनच्या आवाजात तिला नीट ऐकू यायचं नाही ना, म्हणून. तासभर बोलतो म्हणायची. बाबांचं, शाळेचं, त्याच्या व्हायोलिनचं. मी ओरडले तिला, अगं जपून, बंद नका करू मशीन. तर म्हणाली, राहू दे गं. इतक्या वर्षांनी बोलायला लागलाय, आता थांबवू नको त्याला. तुझ्याकडे विषयही काढू द्यायची नाही. शपथ घातली होती मला, म्हणाली तू विचारलंस तर तो लाजेल आणि पुन्हा गप्प होईल."

मी सूपकडे बघत राहिलो. तिला वाटलं, लाजलो.

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "माझा जळफळाट व्हायचा तिकडे. माझ्याशी ती पाच मिनिटांवर बोलायची नाही, दम लागायचा. सगळा दम तुझ्यासाठी ठेवायची. शेवटच्या दिवशी पण बसला होतास ना जवळ?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मला माहीत नाही, पण तिला 'हो' समजलं.

"काय बोलायचात रे? सांग ना. मला काहीच नाही मिळालं तिचं. थोडं तरी दे."

मी सांगायला लागलो. कुठून सुचलं कोण जाणे. म्हणालो, बाबांनी एकदा रेडिओ उघडून पुन्हा जोडला आणि चार स्क्रू उरले, ते सांगायची. धाकटी हसली. म्हणालो, तुझ्या जन्माच्या वेळचं सांगायची. ती रडली. म्हणालो, व्हायोलिनबद्दल माफी मागितली तिने. हे का म्हणालो? धाकटीने डोळे पुसले, "मागितली? आईने? मग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, जाऊ दे आई, झालं गेलं."

दीड तास बोललो. माझ्या आयुष्यात मी कुणाशी इतकं सलग बोललेलो नाही. ती म्हणाली, "उद्या अजून सांग. सगळं सांग. मी पंधरा दिवस आहे. रोज थोडं थोडं सांग, मी लिहून घेणार आहे. माझ्या मुलांना कळू दे त्यांची आजी."

१६ मार्च, रविवार

सकाळी लवकर उठून वही घेऊन बसलो. १६ फेब्रुवारीपासून सतरा संध्याकाळी धरायच्या. कोणत्या दिवशी काय बोललो ते आधी ठरवून ठेवलं पाहिजे, नाहीतर गफलत होईल. धाकटी हुशार आहे, तारीख धरून विचारेल.

माझी वाक्यं झाली. विचारणं, काळजी, बाबांच्या आठवणी. मी सात पानं भरली.

आईच्या वाक्यांसाठी जागा सोडली आहे. ती काय म्हणाली असती, हे मला एकाही ठिकाणी सुचत नाही. खरोखर बोललेली वाक्यं आठवून बघितली. 'आज नको रे' आठवतं. ते घालता येत नाही.

आतल्या खोलीत धाकटी उठल्याचा आवाज झाला. चहा ठेवायला हवा.